जेवले न्हाई

सीताफळं आली. लिंबागणेश सोडून पाटोद्याकडं निघालं की रस्त्याच्या कडेला बायका पाट्या मांडून बसलेल्या दिसतात. खाली कडुलिंबाचा पाला, वर हिरवी फळं, आणि शेजारी वेगळी ठेवलेली दोन-चार पिकलेली, गिऱ्हाईकाला चाखायला. डोंगराच्या उतारावर ही झाडं कुणी लावलेली नाहीत. ती आपली येतात, उन्हाळाभर वाळून काटक्या होतात, आणि दसऱ्याच्या तोंडावर पुन्हा फळांनी वाकतात. लहानपणी मला वाटायचं, नवरात्र सीताफळांसाठीच येतं. आता सीताफळं आली की मी पाट्यांकडं न बघता पुढं जाते.

आत्या दारातल्या बाजेवर बसून असते. फळांची पाटी डोक्यावर घेऊन कुणी वस्तीवरून गेलं की तिची मान त्या बाजूला वळते. मी विचारते, "आत्या, सीताफळ पाहिजे का?" ती म्हणते, "हाय." मी विचारते, "पाय दुखतोय का?" ती म्हणते, "हाय." "मी कोण, सांग बरं?" "हाय." तिच्याजवळ आता एवढा एकच शब्द उरलाय. बाकीची सगळी भाषा तीन वर्षांपूर्वी, अशाच नवरात्रात, एका दुपारी गेली. ती कशी गेली हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यात माझी सही आहे.

माझे आई-दादा ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळीचा ट्रक यायचा. भांडी, गोधड्या, कोयते आणि माणसं सगळं एकात एक कोंबून तो पश्चिमेकडं निघायचा. मी शाळेसाठी मागं राहायचे, आत्याजवळ. आत्याला नवऱ्यानं नांदवलं नव्हतं. ती माहेरच्या वस्तीवर एका खोलीत राहायची, डोंगरावरची सीताफळं काढून विकायची, आणि माझं करायची. ट्रक दिसेनासा झाला की मी रडायला लागायचे. तेव्हा ती जवळ घ्यायची नाही, समजूत घालायची नाही. ताट पुढं सरकवायची आणि म्हणायची, "आदी जेव. मंग रड." पोट भरल्यावर रडायचं लक्षात राहायचं नाही, ही तिची युक्ती असावी. पुढं माझा निकाल लागला तेव्हा, लग्न मोडलं तेव्हा, दादा गेले तेव्हासुद्धा तिचं पहिलं वाक्य तेच. आदी जेव.

तिनं मला सीताफळ पारखायला शिकवलं. दाबून बघायचं नाही, दाबलं की काळं पडतं. डोळे बघायचे. फळाच्या अंगावरच्या खवल्यांना आमच्याकडं डोळे म्हणतात. दोन डोळ्यांमधली खाच रुंद झाली, पिवळसर पांढरी दिसायला लागली, की डोळा उघडला. मग दोन दिवस धान्यात ठेवायचं. मी घाईघाईनं मिटल्या डोळ्यांचं फळ तोडलं की ती हातावर चापटी मारायची. "त्याला अजून दिसत न्हाई, आन तू लागली तोडाया." तसलं फळ पिकत नाही, दगड होऊन काळं पडतं. पाटीत असं एक जरी फळ गेलं तरी तिला चैन पडायचं नाही. गिऱ्हाईकाच्या पिशवीतून ती ते परत काढून घ्यायची.

पुढं मी कॉम्प्युटर शिकले आणि पोटासाठी हेच काम धरलं. सॉफ्टवेअर टेस्टिंग. लोक विचारतात, म्हणजे नक्की काय करता हो तुम्ही? मी सांगते, सासूचं काम. दुसऱ्यानं रांधलेल्यात खोट काढायची. बनवणारा म्हणतो चालतंय, आपण म्हणायचं कुठं चालतंय, दाखव. उलटंसुलटं वापरून बघायचं, वेड्यासारखं वागून बघायचं, कुठं मोडतंय ते शोधायचं, आणि शेवटी सही करायची की हे आता लोकांच्या हातात द्यायला हरकत नाही. पुण्यात बारा वर्षं हे केलं. माझ्या हातून खोट निसटत नाही असं लोक म्हणायचे. मलाही तसं वाटायचं.

पुण्यानं माझ्यातली खोट मात्र आधी काढली होती. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात मी वर्गात विचारलं, "सर, हे असं कावून होतं?" सगळा वर्ग हसला. कावून म्हणजे का, एवढंच. पण त्या दिवसापासून ते हसणं माझ्या जिभेवर बसलं. हायचं मी आहे केलं. न्हाईचं नाही केलं. गेलतेचं गेले होते झालं. घोटून घोटून एका वर्षात जीभ अशी केली की मी बीडची आहे हे कुणाला सांगितल्याशिवाय कळू नये. आत्याला फोन केला तरी मी तसंच बोलायचे. ती म्हणायची, "वैशे, तू बातम्या सांगायलीस का बोलायलीस?"

मग बीडला काम निघालं. पुण्यातल्या एका कंपनीनं फोनवर बोलणारं यंत्र बनवलं होतं. गावाकडच्या माणसानं नंबर लावायचा, आपला आजार, आपली गोळी, आपली शंका बोलून सांगायची, आणि यंत्रानं बाईच्या गोड आवाजात उत्तर द्यायचं. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती हीच. त्यांना गावाकडचे खरे आवाज हवे होते, म्हणून बीडमध्ये एका कापड दुकानाच्या वर दोन खोल्या घेतल्या, चार मुली नेमल्या, आणि त्यांच्यावर मला नेमलं. मी खुशीत आले. आत्या तासाभराच्या अंतरावर होती. दर रविवारी तिच्याकडं जाता येणार होतं.

ते भाद्रपद-आश्विनाचे दिवस अजून नाकात आहेत. खाली कोऱ्या कापडाचा खळीचा वास, वर फरशी पुसलेल्या फिनेलचा. खिडकीतून गल्लीतल्या पाट्या दिसायच्या. डबा खाऊन झाला की नसीम रोज एक सीताफळ फोडायची आणि बिया कागदाच्या पुडीत गोळा करायची. नसीम त्या चौघींत सगळ्यांत लहान. तिचे अब्बा मोटारसायकलचे मिस्त्री. घरात दखनी, गल्लीत मराठी, आणि दोन्ही तिच्या तोंडात एकमेकांत मिसळलेल्या. मुली कानाला हेडफोन लावून दिवसभर वाक्यं बोलायच्या. त्या काय बोलल्या आणि यंत्रानं काय लिहिलं, हे शेजारी शेजारी दिसायचं. पहिले काही दिवस आम्ही हसून हसून बेजार झालो. एकीनं "कंबर दुखत हाय" म्हटलं तर यंत्र त्या हायला विव्हळणं समजलं. "आपल्याला फार वेदना होत आहेत का?" तिनं सांगितलं, "फार न्हवं, थोडी हाय." यंत्र अजूनच हळवं झालं. ती चूक आम्ही लावून धरली आणि त्यांनी दुरुस्तही केली. हाय म्हणजे आहे, हाय म्हणजे हो, हे यंत्र शिकलं.

नसीमनं विचारलं, "ही गोळी कावून गेयाची?" यंत्रानं लिहिलं, ही गोळी खाऊन घ्यायची? आणि उत्तर दिलं, होय, काहीतरी खाऊनच घ्यावी. त्याचं एका परीनं बरोबर होतं. आमच्याकडं घेऊचं गेऊ होतं, तुम्हीचं तुमी होतं, शब्दातला ह गळून पडतो. यंत्राला हे कुणीतरी शिकवलं होतं, म्हणून ते जिथं तिथं गळलेला ह परत लावत सुटलं होतं. कावूनचं खाऊन केलं. मी ती नोंद बघितली आणि का कोण जाणे, मला कॉलेजचा वर्ग आठवला. मी म्हटलं, "नसीम, का असं विचार ना. कावून कशाला?"

ती म्हणाली, "मॅडम, आमच्यात का कुनी म्हनत न्हाई."

"यंत्राला कळेल असं बोलायचं. थोडं शुद्ध. सगळ्यांनीच."

"मंग मशीन कावून बनवली?"

बाकीच्या तिघी खाली बघून हसल्या. मीही हसले, पण मला ते लागलं होतं. त्या दिवसापासून मी रोज सकाळी दहा मिनिटं मुलींकडून शुद्ध वाक्यं म्हणून घ्यायला लागले. आहे म्हणा. नाही म्हणा. घेऊ, घे वर जोर द्या. मुली हुशार होत्या, आठवड्यात शिकल्या. निकाल सुधारला. पुण्याचे साहेब व्हिडिओवर म्हणाले, वा. बीडचे खरे आवाज म्हणून ज्यांना नेमलं होतं, त्यांचे खरे आवाज मीच घासून पुसून टाकले. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते दुसरं काय असतं?

नसीम मात्र मधूनच घरच्यासारखं बोलून बघायची. एका दुपारी तिनं मला बोलावलं. ती बोलली होती, "ताप न्हाई." यंत्रानं लिहिलं होतं, ताप, न्हाले. आणि गोड आवाजात सांगितलं होतं की ताप असताना अंघोळ टाळावी. मला हसू आवरेना. न्हाईचं न्हाले. नाहीची अंघोळ. नसीम हसली नाही.

"मॅडम, हे उलटं समजायलंय. न्हाईचं हो समजायलंय."

"तू पुटपुटलीस. परत नीट बोल."

ती नीट बोलली, ताप नाही. यंत्र बरोबर समजलं. मी म्हटलं, "बघ." ती म्हणाली, "हे तर तुमी बोललं मॅडम, मी कुठं बोलले?" दसऱ्याच्या आत सगळं सुरू करायचं होतं. तिनं टाकलेल्या नोंदीखाली मी लिहिलं, उच्चार अस्पष्ट. दोष नाही. खाली माझं नाव. नोंद बंद. पाच सेकंदांचं काम.

त्याच पंधरवड्यात पुण्याहून दुसरं यंत्र आलं. हे पहिल्याची परीक्षा घेणारं. ते स्वतःच प्रश्न तयार करायचं, स्वतःच हजारो आवाजांत ते विचारायचं, म्हातारीच्या, तरुणीच्या, खोकणाऱ्या बाप्याच्या, आणि स्वतःच उत्तरं तपासायचं. मी ते आवाज ऐकले. म्हाताऱ्या बाईचा आवाज थरथरता होता, पण बोलणं पाठ्यपुस्तकातलं. त्या बाईला गाव नव्हतं, तिचे पुढचे दात पडलेले नव्हते, तिच्या तोंडात तंबाखू नव्हती. एका यंत्रानं शुद्ध विचारायचं, दुसऱ्यानं शुद्ध ऐकायचं, आणि पडद्यावर हिरव्या खुणांची रांग लागायची. आम्हाला दिवसभरात जे जमायचं नाही ते त्यांचं आमचा चहा पिऊन होईपर्यंत व्हायचं. साहेब म्हणाले, आता माणसांनी फक्त शेवटी नजर टाकायची आणि सही करायची. चौघींपैकी दोघींना दसऱ्यानंतर येऊ नका सांगितलं. मी नजर टाकली. सगळं हिरवं होतं. मी सही केली.

पुढं मी ह्यावर फार विचार केला. आमच्या वस्तीवर एकमेकांचं बोलणं एका फटक्यात कुणालाच कळत नाही. अर्धं वाऱ्यावर जातं, अर्धं दातांच्या फटीतून. म्हणून दर दोन वाक्यांनी समोरचा "आँ?" म्हणतो. भुवया वर, हात कानाशी, आँ? मग सांगणारा परत सांगतो, ओरडून सांगतो, हातवारे करतो. ह्या आँवर आमचं सगळं गाव चाललंय. डॉक्टरही आँ म्हणतात, तलाठीही म्हणतो. यंत्र आँ म्हणत नव्हतं. त्याला कळलं नाही असं कधी होतच नव्हतं. जे कळलं नाही ते जवळच्या दुसऱ्या कशाततरी बसवून ते पुढं जायचं, आणि चुकलं तरी आवाज तोच, तितकाच गोड, तितकाच खात्रीचा. बारा वर्षं खोट काढणाऱ्या बाईला एवढं सुचू नये, की अगं, हे आँ कधी म्हणतं ते तपास.

आत्याला साखर होती. सीताफळं विकायची आणि खायची नाहीत, हा तिला मोठा अन्याय वाटायचा. "देवानं सोंग तरी कसलं दिलंय बग. हलवायाला गोडाचं पथ्य." गोळी चालू होती, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की पोटात अन्न नसताना ही गोळी घ्यायची नाही. तिचा सारखा घोळ व्हायचा. सकाळी घेतली का, दुपारी घेऊ का, चहा प्याले तर चालेल का. कामाच्या मध्ये तिचे फोन यायचे. घटस्थापनेच्या आदल्या रविवारी मी तिच्या फोनमध्ये आमच्या यंत्राचा नंबर भरून दिला. दोनचं बटण दाबून धरलं की लागेल असा. म्हटलं, मी मीटिंगमध्ये असले तर हिला विचारायचं. सगळं सांगते.

"कोन बाई हाय?"

"बाई नाही गं, मशीन आहे."

"डॉक्टरीण हाय का?"

"तशीच समज."

"तू वळखतीस का तिला?"

"मीच तपासलीये तिला," मी म्हणाले. अभिमानानं म्हणाले. आत्यानं फोन पदरानं पुसला आणि कनवटीला लावला.

ती नवरात्रात उपास धरायची. दिवसभर काही नाही, दिवे लागल्यावर एकदा खायचं. मी दर वर्षी भांडायचे, ती दर वर्षी हो म्हणायची आणि धरायची. त्या अष्टमीला दुपारी बाराच्या सुमाराला तिचा मला फोन आला. मी पडद्यासमोर बसले होते, पुण्याची माणसं हिरव्या खुणा बघत होती. मी फोन कापला. मनात म्हटलं, नंबर दिलाय ना.

चारच्या सुमाराला शेजारच्या कौसल्येचा फोन आला. आत्या चुलीपुढं पडली होती, अंग घामानं भिजलेलं, दातखीळ बसलेली. कौसल्येच्या नवऱ्यानं जीपमध्ये घालून बीडला आणलं. मी दवाखान्याच्या दारातच होते. तिचे डोळे उघडे होते पण त्यात ती नव्हती. डॉक्टर म्हणाले, साखर पार तळाला गेलीये, मेंदूला किती वेळ मिळाली नाही सांगता येत नाही. उपाशीपोटी गोळी घेतली का ह्यांनी? मी म्हटलं, शक्य नाही, ती विचारल्याशिवाय घेत नाही.

आणि हे बोलता बोलताच मला कळलं की तिनं कुणाला विचारलं असेल.

दसऱ्याच्या दिवशी मी ऑफिसात गेले. कुलूप उघडून एकटी बसले. तिचा नंबर टाकून नोंद काढली. डावीकडं आवाज, उजवीकडं यंत्रानं लिहिलेलं. आवाज मी आधी लावला नाही, आधी वाचलं. जेवले, न्हाले. गोळी घेऊ का? खाली यंत्राचं उत्तर. जेवण झालं असल्यास गोळी घ्यायला हरकत नाही. गोळी पाण्यासोबत घ्यावी. काळजी घ्या.

मग आवाज लावला. मागं कोंबडी कलकलत होती. आत्या आधी घसा साफ करते. मग म्हणते, "बाई, मी वैशालीची आत्या. जेवले न्हाई. गोळी गेऊ का?"

तिनं माझी ओळख सांगितली होती. यंत्रानं ती लिहिलीसुद्धा नव्हती. उत्तर ऐकून ती थोडी थांबते, तिला काहीतरी पटलेलं नाही हे त्या थांबण्यात ऐकू येतं, आणि मग म्हणते, "बरं बाई. तुमाला जास्त कळतं." मी ते किती वेळा ऐकलं माहीत नाही. ध चा मा झाला म्हणतात, तो कुणीतरी ठरवून केलेला असतो. इथं न्हाईचं न्हाले होताना कुणाच्याच मनात काही नव्हतं. यंत्राच्या नव्हतं, साहेबांच्या नव्हतं. माझ्या मनात फक्त थोडी लाज होती, आपल्या बोलण्याची.

मी पुण्याला सगळं लिहून कळवलं. दहा दिवसांनी उत्तर आलं. हा प्रकार आधी तपासण्यात आला होता आणि दोष नसल्याचं आढळलं होतं. पुरावा म्हणून माझीच नोंद जोडली होती. उच्चार अस्पष्ट. दोष नाही. खाली माझं नाव. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी काम सोडलं, सोडलं नसतं तरी त्यांनी सोडवलंच असतं. दिवाळीनंतर त्या दोन खोल्यांत कापड दुकानाचे गठ्ठे ठेवले गेले. आता तिथं परीक्षा घ्यायला माणूस लागत नाही म्हणे.

आत्या महिन्यानं घरी आली. उजवा हात जड, चालणं धरून धरून, आणि तोंडात हाय. आधी मला वाटलं, एक शब्द आलाय तर बाकीचेही येतील. आले नाहीत. आयुष्यभर नाही म्हणत आलेली बाई. नांदायला जाणार न्हाई, कुणापुढं हात पसरणार न्हाई, मिटल्या डोळ्याचं फळ इकणार न्हाई. तिची न्हाई तेवढी गेली आणि हाय राहिली. मी तिच्याजवळ राहायला आले त्याला तीन वर्षं झाली. तिला विचारायचं मी सोडून दिलंय. जेवलीस का, असं विचारलं की ती हाय म्हणणार, म्हणून मी ताट बघते. दुखतंय का विचारत नाही, कपाळ बघते. आठी आहे का, ओठ दाबलेत का. गोळी तिच्या हातात देण्याआधी ताट रिकामं झालेलं माझ्या डोळ्यांनी बघते. माझी बारा वर्षांची नोकरी आता एवढ्यावर आलीये, आणि खरं सांगू का, इतक्या नीट मी कधी काही तपासलं नव्हतं.

बाहेर दुनिया चाललीच आहे. कौसल्येचा नवरा पाटोद्याच्या बाजाराला निघण्याआधी फोनला भाव विचारतो, आणि तो विचारतानाचा त्याचा आवाज ऐकण्यासारखा असतो. एरवी "काय बे" शिवाय तोंड न उघडणारा माणूस फोनला म्हणतो, "आजचा भाव काय आहे?" आहे. कुणी शिकवलं नाही त्याला. दोनदा फोनला कळलं नाही, तिसऱ्यांदा त्यानं आपली जीभ बदलली. सगळीकडं असंच चाललंय. यंत्र माणसासारखं बोलायला शिकतंय ह्याचं कौतुक सगळे करतात. माणसं यंत्राला कळेल तेवढंच बोलायला लागलीत, हे कुणाला दिसत नाही. मला दिसतं, कारण तो धडा मी पगार घेऊन शिकवलाय.

परवा नसीम आली. लग्न होऊन ती पाटोद्याला गेलीये, नवऱ्याचं फळांचं दुकान आहे. आत्यासाठी पेरू घेऊन आली होती. तिनं मला कधी एका शब्दानं बोल लावलेला नाही, तेच जड जातं. मी आत्याचं ताट वाढत होते. नसीम बाजेच्या कडेला बसली, आणि थोड्या वेळानं चाचरत म्हणाली, "मॅडम, तो नंबर अजून चालू हाय. आता आपलं बोलनं कळतं त्याला. माझी सासू बोलती रोज. लोकायचे सगळे फोन घालून शिकवलं म्हनं."

"सगळे फोन?"

"हां. जुने, सगळे."

आत्याचा तो फोनही त्यातच असणार. कोंबडीचा आवाजही.

नसीमनं नंबर लावला, फोन मोठ्या आवाजावर टाकून बाजेवर ठेवला, आणि माझ्याकडं बघत, तिच्या घरच्या बोलीत, एक एक शब्द सुटा करून म्हणाली, "जेवले न्हाई. गोळी गेऊ का?"

मग तोच आवाज, तोच गोडवा. "तुम्ही अजून जेवला नाहीत. आत्ता गोळी घेऊ नका. आधी जेवून घ्या."

आधी जेवून घ्या. माझ्या हातातली पळी थांबली. नसीमचे डोळे भरून आले, ती म्हणाली, "बगा. शिकलं." तीन वर्षांपूर्वी मी तिची नोंद पाच सेकंदांत बंद केली नसती तर हे तेव्हाच शिकलं असतं. मी तिला ते सांगितलं, पहिल्यांदाच, आणि माफ कर म्हणाले. ती मान हलवत राहिली. आम्ही दोघी रडत होतो आणि फोन बंद करायचा राहूनच गेला.

मी ताट आत्यापुढं ठेवलं. दुधात कुस्करलेली भाकरी, थोडी भाजी. ती ताटाकडं बघत होती, हात उचलला नव्हता.

बाजेवरून आवाज आला, "तुमचं जेवण झालं का?"

आत्यानं मान वळवली. कुणी बाई विचारतेय म्हटल्यावर तिनं डाव्या हातानं पदर सारखा केला, घसा साफ केला.

"हाय," ती म्हणाली.

"छान," यंत्र म्हणालं. "आता गोळी घ्या."

मी फोन बंद केला. ताटातली भाकरी तशीच होती.